आकड्याला तर्पण नसते

दिवाळी अंकाला युद्धस्मारकांवर लेख देतो आहे म्हटल्यावर घरच्या मंडळींनी नाक मुरडले. चकलीच्या डब्याशेजारी उघडा पडणारा हा अंक. त्यात मेलेल्या शिपायांच्या गोष्टी कशाला, असे त्यांचे म्हणणे. ते अगदीच चूक आहे असे नाही. पण याच दिवसांत आपण दारावर आकाशदिवा टांगतो, तो मुळात कशासाठी, हे घरातल्या वडीलधाऱ्यांना एकदा विचारून पाहावे. पितरांना वाट दिसावी म्हणून तो दिवा, असे आमच्याकडची म्हातारी माणसे सांगत. तेव्हा ज्यांना वाट दाखवायची ते कोण, त्यांचे नाव काय, गाव कोणते, हे विचारणे सणासुदीला अशोभनीय आहे असे मला वाटत नाही.

मला जे म्हणावयाचे आहे ते आरंभीच सांगून टाकतो, म्हणजे ज्यांना पटणार नाही त्यांना पान उलटून एखाद्या चांगल्या कथेकडे वळता येईल. मेलेल्या शिपायांची नुसती संख्या कोरून भिंतीत बसवलेला दगड मला स्मारक वाटत नाही. ती सरकारी जमाखर्चातली एक नोंद आहे आणि ती शाईऐवजी छिन्नीने केली, एवढेच. महाराष्ट्रात अशा नोंदी गावोगाव आहेत. त्यांच्याखाली नावे कोरली गेली पाहिजेत, देवनागरीत कोरली गेली पाहिजेत, आणि ते काम दिल्लीने किंवा लंडनने करण्याची वाट न पाहता त्या त्या गावाने करावयाचे आहे.

मी राहतो हुडकेश्वरला. २०१३ साली नरसाळ्याबरोबर हे गाव नागपूर महापालिकेत गेले. त्यापूर्वी ते नागपूरच्या दक्षिणेचे एक खेडेच. मॅट्रिकपुढे माझे शिक्षण गेले नाही. शाळेत मुलांना मराठी शिकवतो आणि उरलेल्या वेळात कादंबऱ्या लिहितो. इतिहासकाराचा आव आणणे मला शोभणार नाही. पण रोज सकाळी हजेरी घेणाऱ्या माणसाला एक गोष्ट बड्या इतिहासकारापेक्षा अधिक कळते. पटावर बेचाळीस मुले आहेत, एवढे हेडमास्तरांना पुरते, तपासणीला येणाऱ्या साहेबांनाही पुरते. पण वर्गात उभे राहून ‘बेचाळीस!’ अशी हाक मारली तर एकही मूल ‘हजर’ म्हणत नाही.

आमच्याकडून शहराकडे जाताना सक्करदरा लागते. चौकात ऑटोरिक्षांची गर्दी, साड्यांची दुकाने, पलीकडे तलाव. या सक्करदऱ्याजवळच्या मैदानात १६ डिसेंबर १८१७ रोजी भोसल्यांच्या फौजेची आणि जनरल डव्हटनच्या इंग्रजी फौजेची लढाई झाली आणि नागपूरचे राज्य खऱ्या अर्थाने त्या दिवशी गेले. चौकात बसची वाट पाहणाऱ्या दहा माणसांना विचारून पाहा. नऊजण तुमच्या तोंडाकडे पाहतील, दहावा एखाद्या पुढाऱ्याचे नाव सांगेल. त्या मैदानात पडलेल्या एकाही शिपायाच्या नावाचा दगड माझ्या वाचनात आलेला नाही आणि या रस्त्याने मी अर्धे आयुष्य ये-जा केली आहे.

त्याआधी तीन आठवडे जे घडले ते मात्र पुष्कळांना ठाऊक असते, निदान नावाने. सीताबर्डीची लढाई. आम्ही नागपूरकर नुसते ‘बर्डी’ म्हणतो आणि तिथे कापड घ्यायला जातो. आप्पासाहेब भोसल्यांनी १८१६ साली इंग्रजांशी तैनाती फौजेचा तह केला. पुढे पेशव्यांकडून आलेला ‘सेनासाहेब सुभा’ हा किताब आणि वस्त्रे त्यांनी २४ नोव्हेंबर १८१७ रोजी भर दरबारात घेतली. रेसिडेंट जेंकिन्सने नको म्हणून सांगून पाहिले. पण त्या वेळी पेशवे इंग्रजांशी उघड लढत होते, तेव्हा ती वस्त्रे घेणे म्हणजे बाजू घेणेच होते. २६ तारखेच्या संध्याकाळी तोंड लागले. बर्डीला तेव्हा दोन टेकड्या, एक मोठी आणि एक लहान. त्यांवर कर्नल स्कॉटच्या हाताखाली चौदाशेच्या आसपास माणसे होती. मद्रासच्या पायदळाच्या पलटणी आणि बंगालचे थोडे घोडेस्वार, म्हणजे शिपाई सगळे इथलेच, फक्त दूरच्या मुलखातले. समोर भोसल्यांची कितीतरी मोठी फौज, आणि त्या फौजेचा कणा म्हणजे अरब. रात्रभर गोळाबारी झाली. २७ च्या सकाळी अरबांनी लहान टेकडी घेतली आणि तिथली तोफ मोठ्या टेकडीकडे फिरवली. बाजी उलटते की काय असे झाले असताना कॅप्टन फिट्झजेरल्डने मूठभर घोडेस्वारांनिशी हल्ला चढवला आणि दुपारपर्यंत सगळे संपले. अठरा तासांचा हा प्रकार. इंग्रजांकडचे मेलेले आणि जखमी मिळून ३६७. रेसिडेंटचा मदतनीस सदबी याच लढाईत ठार झाला.

आता हे ३६७ घ्या. सदबीचे नाव मला ठाऊक आहे, फिट्झजेरल्डचेही. उरलेल्यांत बहुतेक तमिळ आणि तेलुगु बोलणारे गरीब शिपाई असणार. त्यांतल्या एकाचेही नाव मला सांगता येत नाही. भोसल्यांच्या बाजूने गणपतराव सुभेदार आणि मनभट एवढी सरदारांची नावे पुस्तकांत येतात. येमेन-हद्रमौतच्या वाळवंटातून पोटासाठी आलेला आणि बर्डीच्या मुरमात रक्त सांडून मेलेला अरब, किंवा चांद्याकडचा आणि उमरेडकडचा भोसल्यांचा प्यादा, यांच्याबद्दल तर विचारायलाच नको. आज ज्याला आपण सीताबर्डीचा किल्ला म्हणतो तो लढाईच्या वेळी नव्हताच. तो इंग्रजांनी लढाई जिंकल्यावर बांधला. आत त्यांच्या मेलेल्यांच्या कबरी आहेत. किल्ला लष्कराच्या ताब्यात असल्याने स्वातंत्र्यदिनासारख्या मोजक्या दिवशीच लोकांना उघडा असतो. मुले घेऊन जाणारी मंडळी वर जातात, शहर पाहतात, भजी खात खाली येतात. ज्यांची राजधानी गेली त्यांच्या मेलेल्यांबद्दल त्यांना तिथे काही वाचायला मिळत नाही.

कोणी म्हणेल, त्या काळात शिपुर्ड्यांची नावे कोण लिहून ठेवी? ठेवीत. त्याचा पुरावा याच युद्धात, याच थंडीत, सीताबर्डीनंतर अवघ्या पाच आठवड्यांनी तयार झाला. १ जानेवारी १८१८ ला भीमेकाठी कोरेगावला कॅप्टन स्टाँटनची तुकडी आणि पेशव्यांची फौज यांची लढाई झाली. इंग्रजांनी तिथे १८२१ साली स्तंभाचा पाया घातला आणि त्यावर मेलेल्यांची नावे कोरली. कंपनीच्या ४९ मृतांची नावे तिथे आहेत आणि त्यांतली २२ ‘नाक’ या प्रत्ययाने संपतात. म्हणजे ते महार शिपाई. इंग्रजांनी हे काही समतेच्या प्रेमाने केले नाही; आपल्या फौजेची शेखी मिरवण्यासाठी केले. पण दगडावर नाव एकदा चढले की ते कोरणाऱ्याच्या हातात राहत नाही. शंभर वर्षांनी, १ जानेवारी १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर त्या स्तंभापाशी गेले. ज्या समाजाला लष्करभरतीचे दार इंग्रजांनीच पुढे बंद करून टाकले होते, त्याला आपले पूर्वज शिपाई होते हे दाखवायला तिथे कागद शोधावा लागला नाही. नावे समोर होती. १९४१ साली महार रेजिमेंट उभी राहिली तेव्हा तिच्या पहिल्या चिन्हावर हाच स्तंभ आला. आता क्षणभर अशी कल्पना करा की इंग्रजांनी तिथे नावांऐवजी नुसता ‘४९ इसम पडले’ असा मजकूर कोरला असता. बाबासाहेबांनी तिथे जाऊन काय वाचले असते? कोणाच्या नातवाने कोणत्या ओळीवर बोट ठेवले असते?

कोरेगावच्या लढाईचा अर्थ कसा लावायचा यावर लोक आजही हमरीतुमरीवर येतात. त्या भांडणात मी इथे पडत नाही. नावामुळे भांडता तरी येते, एवढेच मला दाखवायचे आहे. बर्डीबद्दल कोणी भांडत नाही.

एवढे सगळे ठाऊक असताना, पुढच्या शतकात इंग्रज सरकारने महाराष्ट्रातल्या खेड्यांत जे केले ते म्हणूनच अधिक संतापजनक वाटते. सातारा, रत्नागिरी, पुणे या भागांत हिंडलेल्या वाचकांनी गावच्या चावडीला, वेशीला किंवा जुन्या शाळेच्या भिंतीला बसवलेली संगमरवरी पाटी पाहिली असेल. पहिले महायुद्ध संपल्यावर अशा पाट्या वाटल्या गेल्या. मजकुराचा साचा एकच. या गावातून इतकी माणसे १९१४ ते १९१९ च्या महायुद्धास गेली, त्यांपैकी इतक्यांनी प्राण दिले. गाळलेल्या जागा भरा, असा प्रश्न आम्ही मुलांना परीक्षेत घालतो, त्यातलाच प्रकार. दोन जागा मोकळ्या, दोन्हींत आकडे. साताऱ्याजवळच्या अपशिंग्याला तर लोक ‘अपशिंगे मिलिटरी’ असेच म्हणतात. त्या एका गावचे ४६ जण पहिल्या महायुद्धात कामी आले असे सांगतात. सेहेचाळीस! एखाद्या लहान गावात सेहेचाळीस चुली एकदम विझणे म्हणजे काय, याचा विचार करावा. पण ‘सेहेचाळीस’ म्हटल्यावर मान हलवून आपण पुढे जातो.

सातवीच्या वर्गात मी या पाट्यांची गोष्ट सांगितली तेव्हा मागच्या बाकावरचा एक मुलगा उठून म्हणाला, “सर, मंग घरच्यायले कसं कयलं, त्यातला आपला कोन्ता?” या प्रश्नाचे उत्तर माझ्याजवळ होते, म्हणून मला अधिकच राग आला. घरच्यांना कळले होते. युद्धानंतर प्रत्येक मृताच्या वारसाला सरकारने काशाची एक गोल तबकडी पाठवली. साम्राज्यभर अशा तेरा लाखांवर तबकड्या ओतल्या गेल्या, हिंदुस्थानातल्या घरांतही त्या आल्या, आणि प्रत्येकीवर मृताचे नाव होते. अधिकारी असो की शिपाई, हुद्दा न घालता नुसते नाव. म्हणजे ज्या सरकारला साताऱ्याच्या एखाद्या खोपटापर्यंत नाव ओतून पाठवता येत होते, त्याच सरकारला चावडीवर ते नाव कोरता आले नाही. अडचण नावे मिळण्याची कधीच नव्हती. घरात रडण्यापुरते नाव चालते, चार लोकांत दाखवायला आकडा बरा, असा तो हिशोब होता.

हा हिशोब कुठवर गेला ते पाहण्यासाठी आपल्याला चावडीवरून थेट इराकात जावे लागते. आपल्या चावडीवरच्या आकड्यांतले पुष्कळ लोक मेले ते तिथेच, तेव्हाच्या मेसोपोटेमियात. युद्धाच्या आरंभीच तिकडे गेलेली सहावी डिव्हिजन ‘पूना डिव्हिजन’ म्हणून ओळखली जाई. मराठ्यांच्या १०३, ११० आणि ११७ क्रमांकाच्या पलटणी तिच्यात होत्या. तैग्रिस नदीच्या वळणावरच्या कुत-अल-अमारा या गावी ती ७ डिसेंबर १९१५ पासून तुर्कांच्या वेढ्यात अडकली. १४७ दिवस. अखेरीस अन्न संपले, घोडी कापून खाण्याची पाळी आली. आपल्या शिपायांनी घोड्याचे मांस खायला आधी नकार दिला. धर्ममार्तंडांकडून परवानग्या मागवाव्या लागल्या, आणि त्या पोचेपर्यंत कित्येकांच्या अंगात त्राण उरले नव्हते. २९ एप्रिल १९१६ ला शरणागती झाली आणि मग वाळवंटातून कैद्यांची पायपीट. त्या पायपिटीत आणि कैदेत किती मेले! आपल्या शाळेच्या पुस्तकांत कुतला एक ओळही मिळत नाही, याचे मला मास्तर म्हणून फार वाईट वाटते.

या मोहिमेतल्या ज्या मृतांना थडगे मिळाले नाही त्यांच्यासाठी बसऱ्याला १९२९ साली मोठे स्मारक उघडले. चाळीस हजारांवर मृतांसाठी. साम्राज्याच्या युद्ध-थडगी मंडळाचा नियम मोठा उदात्त होता. प्रत्येक मृताचे नाव कोरायचे; हुद्दा, वंश, धर्म यांवरून भेद करायचा नाही. बसऱ्याला तो नियम असा पाळला गेला: गोऱ्या अधिकाऱ्यांची नावे कोरली, गोऱ्या शिपायांची नावे कोरली, हिंदी अधिकाऱ्यांचीही कोरली. हिंदी शिपायांपुढे पलटणीचे नाव आणि त्यापुढे आकडा. अमुक पलटण, इतके. तेहेतीस हजारांच्या आसपास माणसे अशी आकड्यांत गेली. एकाच उन्हात, एकाच विषमज्वराने, एकाच खंदकात मेलेल्या दोघांपैकी लिव्हरपूलचा टॉम भिंतीवर टॉम म्हणून राहिला आणि कोरेगाव तालुक्याचा कोणी एक बेरजेत मिळवला गेला.

शंभर वर्षांनी त्या मंडळाला याची लाज वाटली. २०२१ साली त्याच्याच समितीने अहवाल दिला की निदान पंचेचाळीस हजार आशियाई-आफ्रिकी मृतांचे स्मरण गोऱ्यांच्या बरोबरीने झाले नाही. निदान एक लाख सोळा हजारांची नावे कुठेच आली नाहीत, आणि हा आकडा साडेतीन लाखांपर्यंतही असू शकेल. ब्रिटनच्या संरक्षणमंत्र्यांनी पार्लमेंटात माफी मागितली. माफी चांगली गोष्ट आहे. पण ते बसऱ्याचे स्मारकही १९९७ साली सद्दामच्या हुकुमाने उचलून शहराबाहेर वाळवंटात नेऊन ठेवले गेले आहे. त्या माफीने अपशिंग्याच्या भिंतीवर एक अक्षर उमटत नाही.

आता आक्षेप. ते मला तोंडपाठ आहेत, कारण चहाच्या टपरीपासून साहित्यसभेपर्यंत सगळीकडे मी ते ऐकले आहेत.

पहिला आणि सर्वांत ठसकेबाज आक्षेप असा, की ही माणसे इंग्रजांसाठी मेली, भाडोत्री होती, यांची नावे स्वतंत्र भारताने का मिरवावीत? मी म्हणतो, मिरवू नका, लिहा. मिरवणे आणि लिहिणे यांत फरक आहे. स्वतंत्र भारताच्या लष्कराने ‘सीताबर्डी’ आणि ‘कोरेगाव’ यांसारखे, आपल्याच लोकांविरुद्ध मिळालेले रणमान मिरवावयाचे नाहीत असे ठरवले, ते योग्यच झाले. पण चावडीवर ‘अमुक गेले, अमुक मेले’ ही पाटी तुम्ही फोडलेली नाही, रंगरंगोटी करताना तिच्याभोवती चुना सांभाळून लावता. मग तिच्या मजकुराची जबाबदारीही तुमच्यावर येते. शिवाय भाडोत्री म्हणजे काय? कोरडवाहू शेती आणि सावकाराचे देणे असलेला तरुण महिन्याच्या पगारासाठी भरती झाला. १९१८ साली लोकमान्यांनी, हिंदी लोकांना अधिकाऱ्यांच्या जागा मिळणार असतील तर महाराष्ट्रातून ५,००० रंगरूट देतो म्हणून गांधीजींकडे ५० हजारांचा चेक तारण पाठवला होता. टिळकांना जे हिशेबाचे वाटले ते त्या पोरांना कळायला हवे होते, असे म्हणणारे आपण कोण? आणि १११ क्रमांकाची महार पलटण १९१७ ला उभारून १९२१ ला मोडून टाकली. गरज होती तोवर शिपाई, गरज सरली की पुन्हा गावकुसाबाहेर. पोटासाठी गेला म्हणून नाव गाळायचे ठरले तर आपल्या सगळ्यांचीच हजेरी पुसावी लागेल, माझी तर पहिल्यांदा.

दुसरा आक्षेप जरा विद्वानांचा आहे. ते म्हणतात, आपल्या परंपरेत तरी नावे कुठे आहेत? गावोगावच्या वीरगळांवर बहुधा अक्षर नसते. खरे आहे. खाली पडलेला वीर, मध्ये लढाई, वर अप्सरा आणि सर्वांत वर शिवलिंगाची पूजा, नाव नाही. पण तो दगड एका माणसाचा असतो, हे विद्वान विसरतात. सेहेचाळीस वीरांची एक वीरगळ मी पाहिली नाही. त्या माणसाच्या गावात, त्याच्या भाऊबंदांच्या डोळ्यांसमोर तो उभा असतो. शेंदूर लावणाऱ्या म्हातारीला हा कोणाचा हे पुष्कळ पिढ्या ठाऊक असे. आणि परंपरेचेच म्हणाल तर तर्पणाचे काय? भटजी हातावर पाणी सोडायला सांगतात तेव्हा नाव विचारतात, गोत्र विचारतात, बापाचे, आजोबांचे, पणजोबांचे. ज्यांची तिथी ठाऊक नाही त्यांच्यासाठी सर्वपित्री अमावास्या ठेवली आहे. इतका विचार आपल्या लोकांनी केलेला आहे. पण ‘सेहेचाळीस’ या गोत्राचे पाणी कोणत्याही पंचांगात सांगितलेले नाही. ज्यांच्या घरी भटजी येत नाहीत त्यांच्याकडेही मेलेल्याला पान वाढताना नावानेच हाक मारतात.

तिसरा आक्षेप, की आता नावे मिळणार कुठून? हा आक्षेप नव्हे, आळस आहे. मंडळाच्या नोंदी आता कोणालाही घरबसल्या पाहता येतात, आणि त्यांत हिंदी शिपायाच्या नावापुढे पुष्कळदा बापाचे नाव, गाव, तालुका, जिल्हाही लिहिलेला आहे. पंजाबच्या भरतीची जुनी दफ्तरे लाहोरच्या संग्रहालयात पडून होती, सव्वातीन लाखांच्या आसपास माणसांची. तिकडच्या वंशजांनी मागे लागून ती उजेडात आणवली आणि २०२१ पासून लोक आपापल्या गावचे पणजोबा तिथे शोधू लागले. पंजाब्यांना जे सुचले ते आम्हांला सुचू नये, असे काही शास्त्रात लिहिलेले नाही. आपल्याकडेही मुंबईत मस्जिद बंदराला खलाश्यांचे स्मारक आहे. पहिल्या महायुद्धात समुद्रात बुडालेल्या दोन हजारांवर हिंदी खलाश्यांची नावे तिथे काशाच्या पत्र्यांवर कोरलेली आहेत. समुद्रात ज्यांचे हाडसुद्धा सापडले नाही त्यांची नावे लिहिता आली, आणि जमिनीवर मेलेल्यांची नाही?

अर्थात अडचण आहे. नावे रोमन लिपीत, साहेबाच्या कानाने ऐकलेली. ‘शिंदे’ चार तऱ्हांनी लिहिलेले सापडते, ‘पवार’ तर ओळखू येत नाही. पण ही अडचण सोडवायला संशोधन-मंडळ लागत नाही. गावातला एक म्हातारा, तलाठ्याचे जुने दफ्तर आणि शुद्धलेखनाची खोड असलेला एक मास्तर, एवढ्यावर काम होते.

खरा आक्षेप कोणी तोंडाने बोलत नाही; तो कोनशिलेवर लिहिलेला असतो. आपल्याकडे हल्ली स्मारके काही कमी होत नाहीत. चौकाचौकांत होतात. उद्घाटनाची कोनशिला आधी तयार होते. तिच्यावर मान्यवरांची नावे किती, विशेष उपस्थिती किती, स्वागतोत्सुक किती, नगरसेवक आजी किती आणि माजी किती! नाव गळले तर काय महाभारत होते ते मी पाहिले आहे. एका स्मारकाच्या समितीत मला मजकूर तपासायला बोलावले होते. कोणते स्मारक ते सांगत नाही. ज्यांच्यासाठी स्मारक त्यांच्याबद्दल ‘ज्ञात-अज्ञात वीरांना’ एवढे तीन शब्द होते आणि पाहुण्यांची यादी दीड हात. मी विचारले, ज्ञात कोण ते तरी लिहू. तेव्हा जागा पुरणार नाही असे उत्तर मिळाले. ‘ज्ञात-अज्ञात’ हा शब्द तेव्हापासून मला शिवीसारखा लागतो. ज्ञात आहेत त्यांना अज्ञातांत ढकलण्याची ती सोय आहे.

जागा पुरते. दिल्लीला राष्ट्रीय युद्धस्मारक २०१९ च्या फेब्रुवारीत उघडले. स्वातंत्र्यानंतर कामी आलेल्या पंचवीस हजारांहून अधिक जवानांची नावे तिथे ग्रॅनाइटच्या विटांवर एकेक करून कोरली आहेत. जनरल आणि शिपाई एकाच मापाच्या विटेवर. पंचवीस हजारांना दिल्लीत जागा पुरली, तर गावच्या चावडीवर बारांना आणि सेहेचाळिसांना का पुरू नये?

आमच्या नागपुरापुरते बोलायचे तर बर्डीलाच, झिरो माइलजवळ, गोवारी शहिदांचे स्मारक आहे. ते युद्धाचे नव्हे. २३ नोव्हेंबर १९९४ रोजी विधानभवनावर आलेल्या मोर्चात चेंगरून ११४ जण गेले, त्यांत बायका आणि मुले पुष्कळ. त्यांच्या आठवणीचे ते स्मारक. नागपुरात ‘एकशे चौदा’ म्हटले की लोकांना ते आठवतात. आता त्या एकशे चौदांपैकी एकाचे नाव सांगा, असे मी एकदा शिक्षकांच्या खोलीत म्हणालो. आठजण होतो. कोणी बोलले नाही. ही गोष्ट १८१७ ची नव्हती, आमच्यापैकी सर्वांच्या हयातीतली होती. आकड्याची सवय लागली की ती युद्धापुरती राहत नाही.

तेव्हा करावयाचे ते असे. ज्या गावात महायुद्धाची पाटी आहे त्या गावच्या ग्रामसभेने ठराव करावा. जुनी पाटी काढू नये. ती जशी आहे तशी राहू द्यावी, म्हणजे सरकारने काय केले हे पुढच्यांना दिसेल. तिच्याखाली दुसरी पाटी लावावी. तीवर नाव, बापाचे नाव, पलटण, आणि मेला ते ठिकाण: कुत, बसरा, फ्रान्स, पूर्व आफ्रिका. दुष्काळात गेलेल्याला ‘पोटासाठी गेला’ असे लिहायलाही माझी हरकत नाही. जातीवार गट करू नयेत, हुद्देवारही करू नयेत. आपल्या शाळेच्या पटासारखी अकारविल्हे यादी. आणि उद्घाटनाची कोनशिला अजिबात नको. नारळ फोडायला गावातली सर्वांत म्हातारी बाई पुरे आहे.

सक्करदऱ्याला आणि बर्डीला हे साधणार नाही, हे मला कळते. दोनशे वर्षांपूर्वीच्या अरबाचे नाव कोणत्याही दफ्तरात सापडणार नाही. तिथे निदान कोण कोण लढले ते लिहावे: मराठे, अरब, मद्रासी पायदळ, बंगाली घोडेस्वार, आणि तारीख. किल्ल्यावर लष्कराची परवानगी लागेल. सक्करदऱ्याच्या चौकात महापालिकेची पुरेल, आणि आता आम्ही हुडकेश्वरवालेही त्याच महापालिकेला घरपट्टी भरतो. तसा अर्ज मी तयार केला आहे. पहिल्या पानावर माझे एकट्याचे नाव आहे. खाली सह्यांसाठी बऱ्याच ओळी मोकळ्या ठेवल्या आहेत. दिवाळीच्या सुट्टीनंतर तो घेऊन उमरेड रस्त्याच्या दोन्ही बाजूंनी घरोघर जाणार आहे.